बारा नंबरची बराक

८ फेब्रुवारी २०१६ची सकाळ. मुंबईच्या सत्र न्यायालयात एरवी अकराच्या आत कुणी फिरकत नाही. त्या दिवशी सात वाजताच गर्दी झाली होती. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवशीची रात्र होती. न्यायाधीश जी. ए. सानप यांच्या समोरच्या पडद्यावर डेव्हिड हेडली दिसत होता, आणि त्याला प्रश्न विचारायला उभे होते विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम. जळगावच्या कोर्टात वकिलीचा श्रीगणेशा केलेला हा माणूस तोवर १९९३च्या बॉम्बस्फोटांपासून कसाबपर्यंतचे खटले चालवून खानदेशात घराघरांत ठाऊक झाला होता.

अमळनेरला टीव्हीसमोर बसलेल्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला असणार. मुंबईवरच्या हल्ल्याआधी ज्याने ताज आणि छाबाड हाउसची टेहळणी केली, तो कबुली देतोय, तर त्याला इथे आणत का नाहीत? पडद्यावर कशाला?

उत्तर एका कागदात होतं. मार्च २०१०मध्ये हेडलीने अमेरिकी सरकारशी करार केला. त्याने गुन्हे कबूल करायचे, माहिती द्यायची. बदल्यात त्याला फाशी नाही, आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांपैकी कोणत्याही देशाच्या हवाली करणं नाही. करार सरळ होता, तो पाळला गेला. त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या वाट्याला त्याचं फक्त चित्र आलं.

त्याचा हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजातला वर्गमित्र तहव्वूर राणा याच्याकडे असा कागद नव्हता. पाकिस्तानी लष्करात डॉक्टर असलेला राणा पुढे कॅनडाचा नागरिक झाला आणि शिकागोत इमिग्रेशनचं दुकान चालवू लागला. त्याच कंपनीच्या मुंबई शाखेच्या नावाखाली हेडली इथे वावरला. २०११मध्ये शिकागोच्या ज्युरीने राणाला डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावरच्या हल्ल्याच्या कटात आणि लष्कर-ए-तय्यबाला मदत केल्याबद्दल दोषी ठरवलं, मुंबईच्या कटातून मात्र सोडलं. शिक्षा झाली १४ वर्षांची. जून २०२०मध्ये कोविडच्या कारणाने तो सुटला, आणि लगोलग भारताच्या विनंतीवरून लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा पकडला गेला.

त्यापुढची पाच वर्षं म्हणजे कोर्टाच्या पायऱ्यांचा नकाशाच आहे. शहाण्याने ती पायरी चढू नये म्हणतात. राणाने एकही सोडली नाही. १६ मे २०२३ला दंडाधिकारी न्यायाधीश जॅकलिन चुलजियन यांनी त्याला भारताकडे सोपवता येईल असा दाखला दिला. अमेरिकेत या दाखल्यावर थेट अपील होत नाही. म्हणून मग हेबिअस कॉर्पस, म्हणजे ‘मला बेकायदा डांबलंय, सोडा’ अशी याचिका. ऑगस्ट २०२३मध्ये जिल्हा न्यायालयाने ती फेटाळली. १५ ऑगस्ट २०२४ला, योगायोगाने आपल्या स्वातंत्र्यदिनी, नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही फेटाळली. २१ जानेवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. इथवरचा युक्तिवाद होता तो एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा. शिकागोच्या ज्युरीने सोडलं, आता मुंबईसाठी पुन्हा कसं पकडता? न्यायालयांचं म्हणणं, भारताने लावलेल्या कलमांतल्या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी सोपवण्याच्या आदेशावर सही केल्यावर फेब्रुवारी २०२५मध्ये राणाने दुसरी याचिका टाकली, आणि या वेळी मुद्दाच बदलला: भारतात माझा छळ होईल. मी मुसलमान, पाकिस्तानी वंशाचा, त्यातून त्या लष्करात नोकरी केलेला. शिवाय हृदयाकडून येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा आजार, पार्किन्सन, मूत्राशयात कर्करोगाची शंका. तिकडच्या कोठडीत मी टिकणार नाही. तातडीचा अर्ज न्यायमूर्ती एलेना केगन यांच्याकडे गेला. ६ मार्चला नकार. तोच अर्ज सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडे. ७ एप्रिलला नकार. १० एप्रिलला विमान दिल्लीत उतरलं आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला ताब्यात घेतलं.

हा छळाचा मुद्दा अमेरिकेत इतक्या झटपट का निकाली निघाला, ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे एक जुनी प्रथा आहे: ज्या देशाकडे माणूस सोपवायचा, तिथल्या तुरुंगात डोकावणं हे न्यायाधीशाचं काम नाही, ते परराष्ट्रमंत्र्याचं. १९९८च्या एका कायद्याने मंत्र्यावर बंधन घातलं की छळ होण्याची शक्यता जास्त असेल तर सोपवू नये. पण मंत्र्याने तो विचार नीट केला का, हे कोर्टाने किती तपासायचं? नवव्या सर्किटच्या मोठ्या पीठाने २०१२मध्ये फिलिपीन्सच्या एका प्रकरणात सांगितलं की मंत्र्याने ‘मी विचार केला’ असं शपथेवर लिहून दिलं की कोर्टाचं काम संपलं. म्हणजे कागद आहे का ते बघायचं, कागदात काय आहे ते बघायचं नाही. राणाची दुसरी याचिका अशा बंद दारावर डोकं आपटत होती.

युरोपात दार उघडं आहे, आणि ते उघडलं एका पंजाबी माणसाने.

करमजितसिंग चहल १९७१मध्ये ब्रिटनला गेले, तिथेच संसार थाटला. शीख फुटीरतावाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून ऑगस्ट १९९०मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना देशाच्या सुरक्षेसाठी भारतात पाठवायचं ठरवलं आणि तुरुंगात टाकलं. त्यांनी आश्रय मागितला. मार्च १९९१ला नकार. कोर्टात गेले, डिसेंबरमध्ये कोर्टाने नकार रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं. सरकारने विचार केला आणि जून १९९२मध्ये पुन्हा नकार दिला. पुन्हा कोर्ट: फेब्रुवारी १९९३ला हार. अपील: ऑक्टोबर १९९३ला हार. मार्च १९९४ला हाउस ऑफ लॉर्ड्सने अपिलाची परवानगीच नाकारली. एवढं झाल्यावर प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. भारत सरकारने हमी दिली होती की चहल यांच्याशी कायद्याप्रमाणेच वागू. १५ नोव्हेंबर १९९६ला न्यायालयाने १२ विरुद्ध ७ मतांनी ती हमी पुरेशी मानली नाही. भारत सरकारच्या हेतूवर संशय नाही, असंच न्यायाधीशांनी म्हटलं. प्रश्न होता पंजाब पोलिसांवर त्या सरकारचा किती वचक आहे हा.

निकालातला गाभा असा की छळापासून संरक्षण हा हक्क माणसाच्या गुणदोषांवर अवलंबून नाही. तो दहशतवादी आहे का, देशाला धोकादायक आहे का, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायचंच नाही. चावडीवर हे सांगितलं तर कुणालाही पटायला जड जातं. कसाबसारख्यांना कसला आलाय हक्क? पण अशा प्रकरणांत इंग्लंडमधल्या न्यायाधीशाला आजही हाच निकाल समोर ठेवावा लागतो.

दुसरी एक तारीख याच्या शेजारी ठेवून बघावी. स्ट्रासबर्गच्या निकालानंतर बरोबर ३३ दिवसांनी, १८ डिसेंबर १९९६ला, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात कोठडीतल्या छळाविरुद्ध अकरा नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. म्हणजे पोलीस कोठडीत काय होतं ते स्ट्रासबर्गला जसं दिसत होतं, तसं दिल्लीलाही दिसत होतं.

आता थोडं मागे जाऊ. दूरच्या देशातून पकडून आणण्याला एकामागून एक कोर्टांत आव्हान देणारा पहिला गाजलेला मराठी माणूस कोण, तर विनायक दामोदर सावरकर. १३ मार्च १९१०ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. फरारी गुन्हेगारांच्या १८८१च्या कायद्याखाली बो स्ट्रीटच्या दंडाधिकाऱ्याने त्यांना हिंदुस्थानात धाडण्याचा हुकूम केला. त्यावर हेबिअस कॉर्पस, त्यावर अपील न्यायालय. तक्रार अशी की मुंबईत माझ्यासाठी खास न्यायाधिकरण बसवलंय, तिथे ना ज्युरी ना अपील. न्याय मिळणार नाही. सगळं फेटाळलं गेलं आणि १ जुलैला ‘मोरिया’ बोट निघाली.

मग ८ जुलैची मार्सेची उडी. ती कथा प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तिचं पुढचं, कायद्याचं प्रकरण मात्र फारसं कुणी वाचत नाही. फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्याला फ्रेंच पोलिसाने ब्रिटिशांच्या हाती परत दिलं. फ्रान्सने आक्षेप घेतला: आमच्या जमिनीवर आलेल्याला आश्रय द्यायचा की नाही हे आम्ही ठरवणार. दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या लवादाकडे नेला. गंमत बघा, या खटल्यात स्वतः सावरकर पक्षकार नव्हतेच. ज्याच्या मानेवर सुरी तो बाहेर, आणि वाद दोन साम्राज्यांचा. लवादाचा निकाल लागायच्या आतच मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, एक डिसेंबर १९१०ला, दुसरी जानेवारी १९११ला. २४ फेब्रुवारी १९११ला हेगने सांगितलं की परत देण्यात अनियमितता झाली खरी, पण कैदी परत करायचं बंधन ब्रिटनवर नाही. जुलैत सावरकर अंदमानात पोहोचले आणि तिथे कोलू त्यांची वाट पाहत होता.

आज लंडनमध्ये प्रत्यार्पणाचा वाद रंगतो तो आर्थर रोड तुरुंगातल्या एका इमारतीवरून. बराक क्रमांक बारा. मुंबईतला हा तुरुंग क्षमतेहून कितीतरी जास्त कैद्यांनी भरलेला असतो, पण बारा नंबर वेगळी आहे. वेस्टमिन्स्टरच्या दंडाधिकारी न्यायालयात तिची जितकी चर्चा झाली असेल तितकी मुंबईतल्या कुठल्याही खोलीची झाली नसेल.

विजय मल्ल्यांच्या खटल्यात भारताने बराकीचे फोटो दिले. बचाव पक्ष म्हणाला, यात उजेड येतो कुठून ते कळत नाही. मुख्य दंडाधिकारी एमा आर्बथनॉट यांनी जुलै २०१८मध्ये फर्मावलं की भर दुपारी, दिवे न लावता, खिडकीतून येणारा उजेड दिसेल असा व्हिडिओ करून आणा. सीबीआयने तो केला. डिसेंबरमधल्या निकालात त्यांनी तो ग्राह्य धरला, खोलीला नुकताच रंग दिलेला दिसतो अशी नोंदही केली. पाहुणे यायचे म्हणून घराला चुना फासावा, तसंच काहीसं. मोजमाप ठरलेलं असतं: युरोपीय न्यायालयाच्या निकालांनुसार सामायिक कोठडीत माणशी किमान तीन चौरस मीटर जागा हवी. झोपायला, वळायला, चार पावलं टाकायला. नीरव मोदीच्या खटल्यात फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायाधीश सॅम गूझी यांनी तर म्हटलं की बारा नंबरची व्यवस्था त्याच्या सध्याच्या ब्रिटिश तुरुंगातल्या दिनक्रमापेक्षा मोकळी दिसते.

तरी दोघंही मुंबईत आले नाहीत. मल्ल्यांची शेवटची कोर्टाची वाट मे २०२०मध्ये बंद झाली. ब्रिटिश सरकार म्हणालं की एक गोपनीय कायदेशीर बाब आधी निकालात काढावी लागेल. ती कोणती, हे सरकारने सांगितलं नाही. जानेवारी २०२१मध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टात एवढंच मान्य केलं की गृहमंत्र्यांकडे राहण्यासाठी दुसरा मार्ग मागितला आहे. इथे कायद्यातली एक मेख लक्षात घ्यावी. ब्रिटनच्या २००३च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अर्ज फेटाळला तरी संपत नाही: नवा पुरावा, जो आधी कुणी पाहिला नाही आणि ज्यावर निकाल फिरू शकेल, तो आणला तर नियमांप्रमाणे तो नवा दावा ठरू शकतो. अधिकाऱ्याने ‘यात नवं काही नाही’ म्हटलं तर त्या म्हणण्याविरुद्ध पुन्हा कोर्ट. आपल्याकडे शेताच्या बांधाचा दावा तीन पिढ्या चालतो, त्याचीच ही परदेशी आवृत्ती. फरक एवढाच की इथे बांध सरकत नाही, पुरावा सरकतो. ज्याच्या देशात खरोखर सत्तापालट झाला, ज्याच्या भावाला मागाहून उचलून नेलं, त्याच्यासाठी ही फट म्हणजे जीव वाचवायची एकमेव जागा असते. आणि ज्याच्या खिशात चांगल्या वकिलाचे पैसे आहेत त्याच्यासाठी ती वेळकाढूपणाची सोय असते. फट एकच; तिच्यातून कोण जातंय ते आधी ओळखण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

सरकणाऱ्या पुराव्याचं ताजं उदाहरण शस्त्रव्यवहारातले सल्लागार संजय भंडारी यांचं. करचुकवेगिरीच्या आरोपांवरून त्यांना भारताकडे द्यायचा निकाल नोव्हेंबर २०२२मध्ये झाला, गृहमंत्र्यांची सहीही झाली. २८ फेब्रुवारी २०२५ला लंडनच्या उच्च न्यायालयाने तो उलटवला. तिहार तुरुंगात पैशासाठी धमक्या आणि मारहाण होण्याचा खरा धोका आहे आणि दिलेल्या हम्या तो दूर करत नाहीत, असं न्यायालयाचं मत पडलं. ज्या नीरव मोदीचं अपील २०२२च्या अखेरीस सर्व बाजूंनी संपलं होतं, त्याने याच निकालाचा आधार घेत २०२५मध्ये बंद झालेलं अपील पुन्हा उघडण्याचा अर्ज केला. दुसऱ्याच्या खटल्यातून आपल्याला पुरावा मिळाला. डेन्मार्कचा मासला आणखी जुना. डिसेंबर १९९५मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकणाऱ्या ‘किम डेव्ही’ला, म्हणजे नील्स होल्कला, २०११मध्ये डॅनिश उच्च न्यायालयाने छळाच्या धोक्यामुळे भारताकडे दिलं नाही. भारताने चिकाटी सोडली नाही, नव्या हम्या लिहून दिल्या. ऑगस्ट २०२४मध्ये हिलरॉडच्या न्यायालयाचं उत्तर तेच.

सगळ्यांचा राग या लोकांवर असतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण अमळनेरकराला कागदाच्या किमतीबद्दल कुणी नव्याने सांगायची गरज नाही. १९४५मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचे शेअर ट्रंकेत टाकून विसरलेल्यांची मुलं पुढे विप्रोच्या नावाने लखपती झाली. कागद तोच होता, मागे उभी राहणारी कंपनी मोठी झाली. परदेशी कोर्टात भारताची हमी कितीला जाते, हेही त्या कागदामागे काय उभं आहे यावर ठरतं. आणि मागे काय दिसतं? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ला सही केली, पण तो देशात लागू करण्यासाठीचं अनुमोदन दिलं नाही. २०१०मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडलं आणि २०१४मध्ये लोकसभेबरोबर तेही विझलं. ऑक्टोबर २०१७मध्ये विधी आयोगाने २७३व्या अहवालात नवा मसुदा दिला, आणि त्यात परदेशातून आरोपी आणताना येणाऱ्या याच अडचणीचा उल्लेख केला. सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संसदेला कायदा करा असं आम्ही सांगू शकत नाही. शिवाय इथल्या बातम्या तिथले वकील वाचतात. घाटकोपर स्फोटानंतर उचललेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३मध्ये कोठडीत मेला. पोलिसांनी तो पळून गेल्याचं सांगितलं होतं. वीस वर्षं उलटली तरी त्या खटल्याचा निकाल नव्हता. असा एक खटला वेळेत निकाली निघाला असता, तर वेस्टमिन्स्टरमध्ये त्याने शंभर व्हिडिओंचं काम केलं असतं.

आश्रय मागणारे आपल्या दारातही उभे असतातच. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, म्हणून इथे असा माणूस कायद्याच्या पुस्तकात फक्त ‘परदेशी’. तरी १९९४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने निर्वासित मानलेल्या एका इराणी माणसाला त्याच्या पसंतीच्या देशात जाऊ दिलं, इराणला पाठवू दिलं नाही. ८ एप्रिल २०२१ला नागपूरकर सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठापुढे जम्मूतल्या रोहिंग्यांचा अर्ज आला, तेव्हा निकाल वेगळा लागला: जीविताचा हक्क परदेशी माणसालाही आहे, पण देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क नागरिकाचाच, ठरलेली प्रक्रिया पाळून म्यानमारला पाठवता येईल. लंडनमध्ये ज्या प्रश्नाला आपण वैतागतो, तो दिल्लीत विचारला गेला तेव्हा आपलं उत्तर वॉशिंग्टनच्या जवळ जाणारं होतं.

हमी पाळली की काय होतं, याचा एक हिशेब सध्या नाशिकला चालू आहे. अबू सालेमला सप्टेंबर २००२मध्ये लिस्बनमध्ये पकडलं. १७ डिसेंबर २००२ला उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी पोर्तुगालला लिहून दिलं की त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून जास्त तुरुंगवासही नाही. त्यावर विसंबून नोव्हेंबर २००५मध्ये तो भारताच्या हवाली झाला. पुढे भारताने जास्तीची कलमं लावली म्हणून सालेम पोर्तुगीज कोर्टांत गेला, आणि २०११मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने भारताने अटी मोडल्या असं म्हटलं. इकडे २०१७मध्ये १९९३च्या स्फोटखटल्याच्या दुसऱ्या टप्प्यात त्याला जन्मठेप झाली. मग हमीचं काय? ११ जुलै २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षा जन्मठेपेची असली तरी दिलेला शब्द केंद्र सरकारवर बंधनकारक आहे; २५ वर्षं भरली की त्याची सुटका करावी लागेल, आणि ती मोजायची १२ ऑक्टोबर २००५पासून.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून सालेमने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला की चांगल्या वर्तणुकीची सूट धरली तर माझी २५ वर्षं भरलीसुद्धा. जुलै २०२५मध्ये न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतला आणि म्हटलं की प्रथमदर्शनी तरी ती भरलेली दिसत नाहीत. सूट न धरता मोजलं तर तारीख येते ऑक्टोबर २०३०.